आधी खाली बसवावे

मयूर विहार, दिल्ली
७ फेब्रुवारी २०१०

श्रीमती तानूबाई कृष्णात वरपे यांना नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. मी कै. हेमलता टिपणीस यांचा नातू. आपण त्यांना ‘बाई’ म्हणत असाल. गेल्या मे महिन्यात, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, आजींचं निधन झालं. आपल्यापर्यंत ही बातमी पोचली नसावी, म्हणून आधी तेच कळवतो.

आजोबा भाऊसाहेब सरकारी नोकरीत असताना अचानक गेले. पदरी दोन मुलं, आणि क्वार्टर सोडायची नोटीस. आजींनी इथल्या एका मराठी शाळेत नोकरी धरली आणि सव्वीस वर्षं शिकवलं. माझे वडील, सरलाआत्या, पुढे मी, सगळे त्यांच्याच हाताखाली लिहायला शिकलो. आई-बाबा दोघंही ऑफिसात, त्यामुळे मला तर त्यांनीच वाढवलं. घरातलं लग्न असो की कुणाची बदली, आजींना विचारल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नसे. शिवाय बुधवारी आणि शनिवारी शाळा सुटली की त्या बस पकडून कँटोन्मेंटमध्ये जवानांच्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायला जात. त्या वर्गाबद्दल मी आपल्याला काय सांगावं!

रविवार, ९ मे रोजी सकाळी अकरा वाजता, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या हॉलमध्ये आम्ही त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठेवला आहे. त्या वेळी एक स्मरणिका काढतो आहोत. शेवटच्या दिवसापर्यंत आजींची बुद्धी तल्लख होती, पेपर वाचल्याशिवाय त्या चहा घेत नसत. अशा व्यक्तीच्या आठवणी लिहून ठेवायलाच हव्यात. आपण एक पान लिहून पाठवावं ही विनंती. आपला पत्ता आजींच्या कागदांत सापडला.

आपला,
जयंत टिपणीस


वडाची वाडी, ता. भुदरगड
२० फेब्रुवारी २०१०

बाईंच्या नातवाला तानूबाईचा राम राम.

पत्र पोचलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा म्हैस सोडत होते. दिल्लीचा शिक्का बघितला आणि आधी जोत्यावर बसले. कुठलंही पत्र मी खाली बसूनच फोडते, ही माझी जुनी खोड. बसले होते ते बरंच झालं म्हणायचं.

नऊ महिने झाले बाईंना जाऊन आणि मी इथं त्यांच्या नावानं काहीच केलं नाही. काल दारात दिवा लावला. दुसरं काय सुचणार?

मला श्रीमती-बिमती लिहू नकोस, आपण-बिपण तर नकोच. मी तुला अरे-तुरेच करणार, तू बाईंचा नातू आहेस.

आता एक विचारते. मागच्या वर्षी मी तुमच्या दारात येऊन गेले. माझा नातू गुणवंत दिल्लीला कँटात आहे, त्यानंच आणलं. फेब्रुवारीतला पहिला रविवार होता. गेटवरच्या माणसानं फोनवर वर विचारलं आणि माताजी पुण्याला गेल्या म्हणून सांगितलं. गुळाची ढेप आणली होती, ती त्याच्याकडे ठेवली आणि चिठ्ठीवर पत्ता लिहून परत फिरले.

माझा पत्ता बाईंच्या कागदांत सापडला असं तू लिहितोस. मी बाईंना जन्मात एक पत्र लिहिलेलं नाही. पत्ता फक्त त्या चिठ्ठीवर होता. म्हणजे बाईंनी ती चिठ्ठी ठेवली होती! हे वाचून मला किती बरं वाटलं ते तुला कळायचं नाही.

तरी एवढं सांग, बाई त्या दिवशी खरंच पुण्याला होत्या का? का विचारते ते मागाहून सांगेन. खरं काय ते लिही. मग तुझ्या एका पानाचं बघू.

तानूबाई


मयूर विहार, दिल्ली
१ मार्च २०१०

ती. तानूबाई,

तुमचं पत्र मिळालं. इतकं स्वच्छ अक्षर पाहून आजींचीच आठवण झाली.

हो, त्या वेळी आजी पुण्यालाच होत्या. सरलाआत्याकडे, जानेवारी ते मार्च. दिल्लीची थंडी त्यांना सोसत नसे. परत आल्यावर तुमचा गूळ आणि चिठ्ठी पाहून त्यांना फार आनंद झाला. ‘अगं बाई, तानूबाई आली होती?’ असं दोन-तीनदा म्हणाल्या. चिठ्ठी त्यांनीच जपून ठेवली. भेट चुकली याची आम्हा सर्वांना हळहळ वाटली.

स्मरणिकेचा मजकूर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रेसला द्यायचा आहे. कँटोन्मेंटच्या वर्गातलं दुसरं कुणीच आम्हाला सापडलेलं नाही. मी मंत्रालयात काम करतो, तिथली बरीच मंडळी येणार आहेत. एका जवानाच्या पत्नीच्या हातचा मजकूर असला की स्मरणिकेचं वजन वाढेल. तेवढं मनावर घ्यावं.

तुमचा,
जयंत


वडाची वाडी
१७ मार्च २०१०

चि. जयंत,

तुला खोटं बोलता येत नाही रे. त्या गेटवरच्या माणसानं गूळ हातात घेतला तेव्हा म्हणाला, ‘शाम को माताजी को दे दूँगा अम्मा, अभी ऊपर मेहमान आने वाले हैं.’ मी कँटात चार वर्षं काढलीत, एवढी हिंदी मला येते. बाई वर होत्या, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझं आधीचं पत्र आल्यावर वाटलं, तो माणूस चुकला असेल. आता तू थंडी, आनंद, हळहळ असं एवढं सगळं लिहितोस, त्यावरून ओळखलं.

पण तुझा राग नाही. तू बाईंचा शब्द राखतोस. ‘तिला सांग, मी नाही म्हणून,’ असं बाईंनीच तुला सांगितलं असणार. त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्याशी तसंच वागले होते.

आता ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या लेकाला पण नाही.

आमच्या क्वार्टरांच्या लाईनीत अकरा बायका बाईंकडे शिकायच्या. मला अक्षर शिकायचंच होतं, कारण आमच्या मालकांचं पत्र आलं की शेजारच्या ठकूबाईचा नवरा ते ओट्यावर उभा राहून मोठ्यानं वाचायचा. ‘तब्येतीला जप, केसांना तेल लाव,’ असलं काहीबाही मालक लिहायचे आणि अख्खी लाईन हसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाई म्हणाल्या, ‘तानूबाई, सहा महिने दे मला. तुझं पत्र तुझ्याखेरीज कुणी वाचणार नाही.’ सहा महिन्यांचे पाच केले मी. माझं पहिलं उत्तर बाईंनी बघितलं सुद्धा नाही. ‘ते तुमचं दोघांचं आहे,’ म्हणाल्या, आणि पाकीट बंद कसं करायचं तेवढं दाखवलं.

मग एकाहत्तरची लढाई लागली. डिसेंबर सरता सरता पत्र आलं. वर अक्षर मालकांचं नव्हतं, त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराचं होतं, खंडेरावाचं. सरकारी कागद यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मी एकटी घरात, सकाळचे अकरा वाजलेले, स्टोव्हवर भात. उभ्या उभ्या पाकीट फोडलं. पहिलीच ओळ अशी होती, ‘हे पत्र जो कोणी वाचून दाखवेल त्याने वहिनींना आधी खाली बसवावे, मग सांगावे.’

बिचाऱ्या खंडेरावाला काय माहीत, मी वाचायला शिकले होते ते. मला बसवायला कुणी नव्हतं. मी उभ्यानंच सगळं वाचलं. मालकांना कुठं लागलं, किती वेळ जीव होता, शेवटी पाणी मागितलं का नाही, सगळं लिहिलं होतं. भात करपून धूर झाला तेव्हा ठकूबाई धावत आली.

बाईंचा असा राग आला मला! त्यांनी शिकवलं नसतं तर मला कुणीतरी धरून बसवलं असतं, हात हातात घेऊन सांगितलं असतं. चौथ्या दिवशी बाई आल्या. मी दाराआड उभी राहिले आणि ठकूबाईला सांगितलं, तानूबाई गावाला गेली म्हणून सांग. बाई तासभर पायरीवर बसून होत्या. ठकूबाई त्यांच्याजवळ बसून हळूहळू बोलत होती. त्या गेल्यावर मी दार उघडलं, तर माझ्या चपला तिथंच होत्या. फेकल्यासारख्या पडलेल्या होत्या सकाळी, त्या कुणीतरी जोडून सरळ लावून ठेवल्या होत्या. म्हणजे बाईंना कळलं होतं. तरी मी गेले नाही. आठ दिवसांनी गावी आले ती आलेच.

त्या अक्षरावर मी पुढं सगळं केलं. पेन्शनीचे कागद माझे मी भरले, पोरगा शिकवला. गावात कुणाचं पत्र आलं की माझ्याकडे आणतात, आणि मी आधी माणसाला खाली बसवते, मग फोडते. बाईंना तेवढं सांगायचं होतं आणि पाय धरायचे होते. त्याला सदतीस वर्षं लावली मी, कारण तोंड दाखवायची लाज वाटायची. शेवटी आले तर बाई घरात असून नाहीत. जशास तसं झालं. त्या गुरू होत्या, त्यांचा तेवढा हक्क होता.

स्मरणिकेत काय लिहू मी? ज्या बाईंनी मला दारातून परत लावलं त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला मला तोंड नाही. माझं पान राहू दे.

तानूबाई


मयूर विहार, दिल्ली
१९ एप्रिल २०१०

तानूआजी,

महिना झाला. तुमचं पत्र माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे, रोज मेट्रोतून नेतो आणि आणतो. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा कागद फाडला. आज तुम्हीही खाली बसून वाचा.

आजीनं तुम्हाला परत पाठवलं नाही. मी पाठवलं. तुम्ही आल्याचं तिला कळलंसुद्धा नाही.

त्या रविवारी माझे साहेब सपत्नीक जेवायला यायचे होते. शेवटची दोन-अडीच वर्षं आजीला काही समजत नव्हतं. तल्लख होती म्हणून लिहिलं ते खोटं. ती माझ्या बायकोला, प्रभाला, ठकूबाई म्हणायची. केस बारीक कापलेले, अंगात गाऊन, कधी कपडे खराब व्हायचे. त्या दिवशी आम्ही तिला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं होतं. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. ‘साहब, गाँव से कोई तानूबाई आई हैं, साथ में फौजी है.’ मी म्हणालो, ‘बोल दो, माताजी पुणे गई हैं.’ पुण्यात आमचं कुणी नाही. सरलाआत्या नागपूरला असते. तोंडात पुणं आलं, एवढंच.

मग मी बाल्कनीत येऊन पाहिलं. तुम्ही गेटच्या खांबाला हात लावून तो कपाळाला लावलात आणि गेलात. हे मी पाहिलं, आणि आत जाऊन सॅलड कापायला लागलो. गूळ आम्ही खाल्ला. चिठ्ठी आजीनं नाही, मी ठेवली. पुढे कधीतरी उपयोगी पडेल असं वाटलं होतं, आणि उपयोग काय सुचला, तर स्मरणिका!

मला तिची लाज वाटत होती, तानूआजी. जिनं मला हाताला धरून ‘ग’ काढायला शिकवलं, बाबांची नोकरी सुटली तेव्हा वर्षभर घर ओढलं, तिची. लोकांनी तिला पूर्वीसारखीच आठवावी म्हणून मी तसं केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तुम्ही काही लोक नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला महिना लागला.

आजीकडे कँटोन्मेंटच्या वर्गाचं हजेरीचं बुक होतं, हिरव्या पुठ्ठ्याचं. त्या अडीच वर्षांत रोज सकाळी दहा वाजता ती ते मांडीवर घेऊन हजेरी घ्यायची. अकरा नावं. आम्ही जो कोणी घरात असेल तो ‘हजर बाई’ म्हणायचो, की गाडी पुढे जायची. सातवं नाव तुमचं. तिथे ती अडायची. मी गावाकडच्या बाईचा आवाज काढून ‘हजर हाय बाई’ म्हणायचो. मुलं हसायची. एकदा मित्रांसमोरही करून दाखवलं, तेही हसले. आजी मान हलवायची. म्हणायची, ‘ही तानूबाई नाही. तानूबाई उभी आहे. तिला आधी बसवा कुणीतरी.’

रोज, तानूआजी. रोज हेच. ‘ती उभी आहे रे. बसवा तिला.’ आम्हाला वाटायचं, वर्गातल्या कुणाला जागा मिळालेली नाही. प्रभा बिचारी एक खुर्ची आणून ठेवायची. आजी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून रडायची, आणि आम्ही डॉक्टरांना विचारून गोळी वाढवायचो.

तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी पायरीवर ठकूबाईंनी तिला सगळं सांगितलं असणार. तुम्ही तिला टाळलंत याचा तिला राग नव्हता. तुम्ही उभ्यानं वाचलंत, हे तिनं सदतीस वर्षं मनात धरलं होतं. बाकी सगळं विसरली, माझं नाव विसरली, हे नाही विसरली. हजेरीच्या बुकात शेवटच्या पानापर्यंत तुमचं नाव आहे. त्या डिसेंबरनंतर पुढची घरं कोरी आहेत. गैरहजेरी तिनं कुठेच मांडलेली नाही.

तुम्ही वर आला असतात तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही, असं लिहिणार होतो. पण तेही खोटं होईल.

माफी मागायला तोंड नाही.

जयंत


वडाची वाडी
२८ एप्रिल २०१०

जयंत,

बसूनच वाचलं. बसूनही भोवळ आली.

दोन दिवस तुला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या लिहायला बाईंनी मला शिकवलं नाही. बाई वर होत्या. मी खाली होते. मध्ये फक्त तू होतास आणि तुझी सॅलडची काकडी. माझं काम तरी किती होतं रे? वर यायचं, खुर्चीवर बसायचं आणि म्हणायचं, हजर बाई. दोघींची सुटका झाली असती. घरात त्या कशा दिसतात ते बघायला मी आले नव्हते. माझ्या सासूचं मी सगळं केलंय, मला काय त्याचं?

मग तिसऱ्या दिवशी वाटलं, मी काय मोठी लागून गेले? मी पण दाराआडच उभी राहिले होते. तुला साहेबाची लाज वाटली, मला माझ्या रागाची. बाई मात्र दोन्ही वेळा दाराच्या पलीकडेच राहिल्या.

तू खरं लिहिलंस म्हणून मला बाईंचं खरं कळलं, हे मी नाकारत नाही. लपवलं असतंस तर मी तशीच मेले असते. पण माफीचं मला विचारू नकोस. ते माझ्या हातात नाही.

आता मी सांगते ते करायचं. माझं पान छापू नको. त्या हॉलमध्ये तुझे साहेब येतील, मंत्रालयाची माणसं येतील, त्यांच्यासमोर तुझं हे पत्र वाच. काकडीसकट. आणि ते हिरवं बुक घेऊन हजेरी घे, अकराच्या अकरा. माझ्या नावाला कुणी ओ द्यायची नाही. तू तर नाहीच.

तानूबाई


मयूर विहार, दिल्ली
९ मे २०१०, दुपार

तानूआजी,

आत्ताच हॉलवरून आलो, अजून कपडे बदललेले नाहीत.

प्रभाचा विरोध होता. म्हणाली, ‘तुझी लाज तू धू, पण चारचौघांत कशाला? मुलांनी काय करायचं?’ स्मरणिका छापून तयार होती, पहिल्याच पानावर ‘शेवटपर्यंत तल्लख’. ती मी वाटली नाही. गठ्ठे गाडीतच राहिले.

आधी दोघा-तिघांची भाषणं झाली. सगळे आजीबद्दल चांगलं बोलले, आणि ते सगळं खरंही होतं. मग मी उठलो आणि पत्र वाचलं. सॅलडच्या ओळीला साहेबांच्या पत्नीनं मान खाली घातली. साहेब पुढे चहालाही थांबले नाहीत. मी तुमच्या आवाजाची नक्कल करायचो, ते वाचताना माझी मुलगी समोर बसली होती. तिच्याकडे मला बघवलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, ‘बस करो यार,’ पण मी शेवटपर्यंत वाचलं. पत्र वाचून संपलं की हलकं वाटेल, असं कुठेतरी मनात होतं. तसं काही झालं नाही.

मग हजेरी घेतली. सहा नावांना हॉलमधले लोक आपणहून ‘हजर’ म्हणाले, लहान मुलंसुद्धा. सातव्याला मी थांबलो. ‘तानूबाई कृष्णात वरपे.’ स्टेजवर मी एक रिकामी खुर्ची ठेवली होती. कुणी ओ दिली नाही. मी किती वेळ थांबलो ते मला सांगता येणार नाही. आजी तिथे का अडायची ते मला पहिल्यांदाच उभं राहून कळलं. मग मी आठवं नाव घेतलं.

तुमच्या नावापुढचं कोरं घर मी भरलेलं नाही. तो माझा अधिकार नाही. हजेरीचं बुक तुमच्याकडे पाठवू का?

जयंत


(पोस्टकार्ड)

वडाची वाडी
९ मे २०१०, सकाळ

जयंत,

अकराला पाच कमी आहेत. तू तिथं वाचतोस का नाही, मला इथं कळायचं नाही. ते तुझं तू आणि बाई बघा. मी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून जोत्यावर येऊन बसले आहे. कार्ड मांडीवर आहे. सुनेला सांगितलंय, घड्याळात अकरा वाजले की हाक मार.

मारली.

बाई, मी खाली बसले आहे. हजर.

तानूबाई कृष्णात वरपे